गंगाळाचं पाणी काढताना

नागपुरात बजाजनगरला डांगऱ्यांच्या बैठकीत, इतरांकडे जिथे टीव्ही असतो तिथे, गंगाळ उभं होतं. गंगाळ म्हणजे खरं तर संगणक. पण तांब्याच्या नळ्या, कडेला जोडलेली काचेची टाकी, आत अखंड फिरणारं पाणी आणि हात लावला की कोमट लागणारं अंग हे सगळं पाहून ज्योत्स्नाबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला हे नाव दिलं होतं. आता अकरा वर्षांनी त्या गंगाळाचं पाणी काढून त्याला मोकळं करायची वेळ आली होती, आणि डांगरे काही ना काही निमित्त काढून ते काम पुढे ढकलत होते.

निमित्तंही संपत आली होती. पाणी गढूळलं होतं. नळ्यांच्या सांध्यांवर हिरवा थर चढला होता. एक सांधा थेंब थेंब गळायचा. त्याखाली त्यांनी आमटीची वाटी ठेवली होती आणि ती वाटी ओतून येणं हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला होता. पंप तर असा कण्हायचा की ज्योत्स्नाबाई म्हणायच्या, "अहो, हा गंगाळाचा आवाज येऊन राहिला की तुमच्या गुडघ्यांचा?"

त्या म्हणायच्या, म्हणजे गंगाळ म्हणायचं. पक्षाघातातून ज्योत्स्नाबाईंचा हात सावरला, चालणं सावरलं, वाचा मात्र गेली ती गेलीच. शब्द डोक्यात जागच्या जागी होते. ओठांपर्यंत येताना त्यांची वाट चुकायची. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला हे किती लागलं असेल ते डांगऱ्यांना कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते स्वस्थ बसले नाहीत. वीजकेंद्रातल्या तापमापकांवर आयुष्य काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर वाणी-साहाय्य केंद्राच्या पायऱ्या झिजवू लागला आणि शेवटी तिथलं यंत्र त्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातांनी बांधून काढलं.

यंत्राचं काम सांगायला सोपं होतं. ज्योत्स्नाबाईंच्या गळ्याला एक मऊ पट्टा असे. शब्द उच्चारायचा नुसता विचार केला तरी गळ्याचे स्नायू किंचित थरथरतात. गळपट्टा ती थरथर टिपायचा, आजूबाजूचे आवाजही ऐकायचा, आणि त्यावरून त्यांना काय म्हणायचं असेल याचा अंदाज गंगाळ बांधायचं. तो अंदाज आधी हळूच त्यांच्या कानात यायचा. याला केंद्रातले लोक कानगुज म्हणत. पटलं तर गप्प राहायचं, मग तेच वाक्य त्यांच्या जुन्या आवाजात मोठ्याने ऐकू यायचं. पटलं नाही तर अंगठा तर्जनीवर दाबून चिमटी काढायची. यंत्र तो अंदाज टाकून दुसरा बांधायचं. फक्त हसायला यंत्र लागत नसे. हसू त्यांचं स्वतःचं उरलं होतं.

हे गणित त्या काळी फार जड होतं आणि ते करताना यंत्र भट्टीसारखं तापायचं. त्यात नागपूरचा मे. पंख्याने काय होणार? म्हणून डांगऱ्यांनी पाण्याची वाट धरली. नळ्या खिडकीतून बाहेर काढल्या, घराला वळसा घालून मागच्या ओसरीत नेल्या, तिथे वाळ्याच्या ताटीमागे तांब्याची जाळी उभी केली. नळ्या जरा जास्तच लांब झाल्या, पण उत्तरेची सावली तिथेच होती. आणि पंपाला त्यांनी वेगळ्या इन्व्हर्टरवरून वीज दिली. नागपूरकर उन्हाळ्यात एक वेळ लग्नाचा वाढदिवस विसरेल, कूलरचा पंप बंद पडू देणार नाही. डांगऱ्यांनी गंगाळालाही तोच न्याय लावला. यंत्र बंद असो की चालू, पाणी फिरत राहायचं.

आणि एक चांगली गोष्ट झाली होती, जी ते कुणाजवळ बोलत नसत. ज्योत्स्नाबाई तरुणपणी जिभेला धार असलेल्या म्हणून माहेरी-सासरी प्रसिद्ध होत्या. आजारपणानंतर त्या निवळल्या. एवढं सगळं सोसून त्यांच्या बोलण्यात कडू शब्द म्हणून यायचा नाही. डांगरे स्वयंपाक शिकले, तो त्यांनी कधी नावाजल्याशिवाय खाल्ला नाही. दारावरच्या पाटीवर 'दि. वा. डांगरे' असं होतं; थोरले भाऊ गेल्यापासून त्या 'दि.'शी कुणाला काही देणंघेणं उरलं नव्हतं. बाहेर ते डांगरे सर होते, घरात अहो होते, आणि त्या मऊ आवाजातल्या 'अहो'वर त्यांचं पोट भरत होतं.

त्यामुळे केंद्राच्या डॉ. मंजिरी ढोबळे नवं यंत्र घेऊन आल्या तेव्हा डांगरे खूश झाले नाहीत. ते मसाल्याच्या डब्याएवढं होतं. ना पाणी, ना पंप, ना आवाज. ज्योत्स्नाबाईंनी लगेच त्याला डबी म्हणायला सुरुवात केली.

"आत सगळं तेच आहे, सर," ढोबळे म्हणाल्या. त्या डांगऱ्यांच्या निम्म्या वयाच्या, बोलायला घाई आणि हाताला मात्र अजिबात घाई नाही अशा. "काकूंच्या बोलण्यावरून घडवलेली तुमची मूळ प्रत अक्षर न् अक्षर उतरवली आहे. काकूंना फरकसुद्धा कळणार नाही."

डांगऱ्यांनी पाहुण्यांसाठी पोहे केले होते. ढोबळेंनी गळपट्ट्याची तार डबीला जोडली. ज्योत्स्नाबाईंनी एक घास घेतला आणि डांगरे नेहमीप्रमाणे कौतुकाची वाट पाहत उभे राहिले.

"मीठ विसरलात," डबी म्हणाली. "नेहमीसारखं."

ज्योत्स्नाबाईंचा अंगठा तर्जनीवर दाबला गेला होता, पण वाक्य होऊन गेल्यावर.

"काकू, आवाज ठीक येतोय ना?" ढोबळेंनी सावरायला विचारलं.

"आवाज ठीक आहे. तूच फार बोलतेस."

या वेळीही चिमटी उशिरा पडली. ज्योत्स्नाबाईंचे कान लाल झाले. त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि पदराआड त्या ओशाळल्या होत्या की हसत होत्या ते डांगऱ्यांना कळेना.

"काढ ते," डांगरे म्हणाले. "ही ज्योत्स्ना नाही. ती असं बोलत नाही."

तार पुन्हा गंगाळाला लागली. पाणी खुळखुळलं आणि ओळखीचा आवाज आला, "पोहे छान झालेत, अहो. मंजिरी, उन्हातानाची आलीस, थोडं सरबत घे ना."

डांगऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ढोबळे मात्र पोह्यांची ताटली हातात तशीच धरून गंगाळाकडे बघत राहिल्या. दोन्ही यंत्रांत प्रत एकच होती. माणूस एकच, पोहे एकच. मग उत्तरं दोन कशी?

जाताना त्यांनी गंगाळाला आपली मोजणी-उपकरणं लावली, आणि दोन दिवसांनी सकाळीच परत आल्या. त्यांनी डांगऱ्यांना मागच्या ओसरीत नेलं. वाळ्याची ताटी ओली होती आणि तिचा वास सुटला होता.

"सर, तुम्ही यंत्र रोज पहाटे बंद करून मूळ प्रतीवर आणता?"

"रोज. चुकवत नाही." डांगऱ्यांना जरा रागच आला. नियम त्यांना पाठ होता: बोलकं यंत्र दिवसभरात शिकलं तर शिकू द्यावं, पण ते शिकणं पहाटे पुसून टाकावं. नाहीतर हळूहळू माणसाच्या तोंडी यंत्राचेच शब्द यायला लागतात.

"आणि त्या वेळी पंप?"

"पंप कशाला बंद करू? एकदा हवेचा बुडबुडा अडकला की दिवस जातो काढण्यात."

"पाण्याची एक फेरी किती वेळाची?"

"चार मिनिटं. वर थोडे सेकंद."

"आणि यंत्र बंद होऊन पुन्हा उठायला?"

"दीड मिनिट लागतं," डांगरे म्हणाले, आणि थांबले. आयुष्यभर पाण्याची तापमानं मोजलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. "म्हणजे यंत्र झोपून उठतं तेव्हा पाणी अजून वाटेतच असतं."

"तेच." ढोबळेंनी ताटीमागच्या नळीवर बोट ठेवलं. "काकू चिमटी काढतात तेव्हा यंत्राला तो अंदाज टाकून दुसरा बांधावा लागतो. दुप्पट काम. क्षणभर ते जास्त तापतं, आणि त्या क्षणी तिथून जाणारा पाण्याचा घोट बाकीच्यांपेक्षा किंचित ऊन होतो. तो घोट घरभर फिरून चार मिनिटांनी परत येतो. फिका पडतो, पण पुसला जात नाही. आणि येणारं पाणी किती ऊन आहे हे यंत्राला कळतं, कारण तुम्हीच तिथे तापमापक बसवलाय."

"ते जळू नये म्हणून बसवलं होतं."

"यंत्राला काय, जे कळतं ते वापरतं. दिवसभरात त्याला सांगड सापडली असणार: पाण्यातली ऊब आणि काकूंचा नकार. मग ते मुद्दाम ऊब लिहायला लागलं. दर फेरीला फिकी झालेली खूण पुन्हा गडद करायची. पहाटे तुम्ही त्याचं डोकं पुसता. पाणी कोण पुसतं? उठल्यावर प्रत तीच, त्यामुळे कालची लिपी आज वाचता येते. लिहिणारा आणि वाचणारा एकच."

डांगरे ओसरीच्या पायरीवर बसले. "फार पूर्वी पहिल्यावहिल्या संगणकांत असं होतं," ते म्हणाले. "पाऱ्याने भरलेल्या नळीतून आवाजाच्या लहरी फिरत्या ठेवायचे. तीच त्यांची आठवण. थांबली की गेली."

"ही वाहती स्मृती तशीच आहे. फक्त पाऱ्याच्या जागी पाणी आणि आवाजाच्या जागी ऊब."

"पण मावणार किती त्यात?"

"फार नाही. शंभरएक खुणा. चिठ्ठीसुद्धा लिहून होणार नाही एवढ्यात. त्यामुळे यंत्राने तेवढंच जपलं असेल ज्याने त्याच्या चुका सगळ्यात कमी झाल्या. सगळ्यात मोलाचं."

सगळ्यात मोलाचं. डांगऱ्यांनी नळीला हात लावला. ती कोमट होती. ज्योत्स्नाचा तो मऊपणा, ते 'छान झालंय', ते सगळं म्हणजे या पाण्यात होतं. आणि आपण ते पाणी काढायला निघालो होतो.

"नाही काढत मग. चालू दे आहे तसं."

"सर, पंप महिनाभर टिकला तरी पुष्कळ झालं. आणि गळणारा सांधा विजेच्या तारेवर आहे. एक दिवस वाटी ओतायला उशीर झाला ना, तर सगळंच जाईल. पाणीही आणि घरही."

ते खरं होतं. डांगरे आत गेले आणि त्यांनी ज्योत्स्नाबाईंना सगळं समजावून सांगितलं, नळ्यांपासून पाऱ्यापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं. भूगोलाच्या बाईंना फिरत्या प्रवाहाची गोष्ट नवी नव्हती.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, अहो," गंगाळ म्हणालं.

डांगरे समाधानाने बाहेर आले. ढोबळे दारातच उभ्या होत्या. त्या हलकेच म्हणाल्या, "सर, हे उत्तरसुद्धा त्या पाण्यातूनच आलंय."

हे डांगऱ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. गंगाळ ठेवायचं का, हे गंगाळातून विचारून काय उपयोग? त्यांना तिचं उत्तर मिळालं नव्हतं. मिळालं होतं ते त्यांना आवडणारं उत्तर. त्यांनी गळणाऱ्या सांध्याखालची वाटी ओतून आणली. मग म्हणाले, "काढू पाणी. पण पाण्यात आहे ते वाया जाऊ द्यायचं नाही."

अशा यंत्राचं पाणी काढायची सरळ रीत आहे. यंत्र बंद करायचं, तार भिंतीतून उपसायची, पाणी पुरतं निवू द्यायचं, मग सावकाश नळ सोडायचा. पण पाणी निवलं की ऊब गेली. उलट चालत्या यंत्राचं पाणी काढावं तर यंत्र कोरडं पडून जळणार. दोन्हींच्या मधे एकच फट होती, आणि ती डांगऱ्यांनीच अकरा वर्षं रोज पहाटे नकळत उघडली होती: यंत्र बंद, पंप चालू. त्या एका फेरीत सगळ्यात खालचा नळ सोडला तर नळीतला एकेक घोट ओळीने बाहेर पडेल. नळाच्या तोंडाशी नाजूक तापमापक ठेवला की झालं. फक्त वाचन एकदाच होणार होतं. दुसरी फेरी नव्हती.

ठरल्या दिवशी उजाडताच ढोबळे आल्या. डांगऱ्यांनी गंगाळाखाली जुने टॉवेल अंथरले. झाकणाचा मोठा डबा आणला, कारण हे पाणी साधं नव्हतं. शेवाळ धरू नये म्हणून त्यात औषध होतं, आणि ते कुंडीत ओतलं असतं तर संध्याकाळपर्यंत झाड मान टाकून मोकळं झालं असतं. ज्योत्स्नाबाई डब्याशी पाट घेऊन बसल्या आणि त्यांनी नळाची रबरी नळी स्वतःच्या हातात धरली. ते त्यांनी कुणाला विचारलं नाही.

"हिसका देऊ नकोस," डांगरे म्हणाले. "तोंड पाण्याच्या वर ठेवजो."

गंगाळातून उत्तर आलं, "ठेवते, अहो. तुम्ही घाबरू नका." ते त्याचं शेवटचं वाक्य ठरलं.

डांगऱ्यांनी यंत्र बंद केलं, तार उपसली. टाकीचं वरचं झाकण त्यांनी आधी सैल केलं. आत हवा शिरली नाही तर पाणी बाहेर येत नाही, हे कूलर उपसणाऱ्या प्रत्येक नागपूरकराला ठाऊक असतं. मग गुडघ्यावर बसून त्यांनी खालचा नळ उघडला. गढूळ, हिरवट पाणी डब्यात पडू लागलं. ढोबळेंच्या पडद्यावर एक रेघ वर-खाली होत पुढे सरकू लागली.

चार मिनिटं पाणी पडत राहिलं. ज्योत्स्नाबाईंना आता बोलायला यंत्रच नव्हतं. नळीतून जाणारा पाण्याचा प्रवाह ज्योत्स्नाबाईंच्या मुठीत मधूनच किंचित ऊन लागत असावा, कारण त्या मधूनच मूठ घट्ट करत होत्या. शेवटी नळाने हवा ओढल्याचा घरघर आवाज झाला. डांगऱ्यांनी पंप बंद केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा घर शांत झालं आणि बाहेरचा कोकीळ एकदम मोठ्याने ऐकू आला.

पुढचं काम हाताचं होतं. त्यांनी गंगाळ हळूच कलतं करून वळणात अडकलेलं पाणी काढलं, नळ्या एका टोकाने फुंकून कोरड्या केल्या, सांधे एकेक करून सोडवले. चिपवरचा तांब्याचा ठोकळा ओढून काढायचा नसतो. खालचा लेप ऊन असतानाच तो डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, नाहीतर चिपच उपटून येते. डांगऱ्यांनी तो असा सोडवला जसं झोपलेल्या माणसाच्या बोटातून अंगठी काढावी. ज्योत्स्नाबाई डबी जोडून घ्यायला आतल्या खोलीत गेल्या. मग डांगऱ्यांनी हात पुसले, घाईघाईत पोहे टाकले, ताटल्या टेबलावर मांडल्या आणि ढोबळेंच्या शेजारी येऊन बसले.

"काय निघालं?"

ढोबळेंनी रेघ मूळ प्रतीकडूनच वाचून घेतली होती; त्यांनी ती पुन्हा सुरुवातीपासून पाहिली. "सर, यात शब्द एकही नाही. काकूंचा स्वभाव, बोलायची ढब, असं काहीच नाही. ते सगळं मूळ प्रतीतच आहे."

"मग?"

"नुसते नकार आहेत. अमुक वेळी पहिला अंदाज सोड, एवढंच. काकू पूर्वी चिमटी काढायच्या, मग यंत्राला पाठ झालं आणि त्यांना चिमटी काढायची गरज राहिली नाही. म्हणून तर परवा डबीसमोर त्यांचा अंगठा उशिरा पडला. सवयच गेली होती."

डांगऱ्यांना समजायला वेळ लागला नाही, पचायला लागला. आजारपणाने ज्योत्स्ना निवळली नव्हती. तिची जीभ होती तशीच होती. ती रोज, दर घासाला, दर वाक्याला, स्वतःला आवरत होती. आणि आवरता आवरता तिच्या आवरण्याने पाणी ऊन होत होतं.

"हे बघा," ढोबळे म्हणाल्या, "जेवताना एक आहे. फोन वाजला आणि तुमच्या बहिणीचा आवाज आला की एक, चांगला ठसठशीत." डांगऱ्यांना हसू आलं. मग त्यांचं लक्ष रेघेवरच्या सगळ्यात उंच टोकाकडे गेलं. ते टोक एवढं गडद होतं की बाकीची त्याच्यापुढे खडीसारखी दिसत होती.

"आणि हा?"

"हा सगळ्यात जुना असावा. सगळ्यात जास्त वेळा गिरवलेला." ढोबळेंनी नजर पडद्यावरच ठेवली. "दाराचा आवाज आणि तुमची पावलं. तुम्ही खोलीत आलात की पहिला अंदाज सोडायचा. दर वेळी."

"कोणता अंदाज?"

"ते पाण्यात नाही. कधी सोडायचं ते आहे, काय सोडायचं ते फक्त काकूंच्या गळ्यात आहे."

डांगरे हातातल्या फडक्याच्या घड्या घालत बसले. आपण खोलीत आलो की तिच्या मनात काहीतरी येतं, पहिल्यांदा, दर वेळी, आणि ते ती गिळते. काय असेल? अकरा वर्षं ते तिला सोडून कुठे गेले नव्हते. नर्स ठेवू दिली नव्हती. ती पुस्तक वाचत बसली तरी दर थोड्या वेळाने डोकावून यायचे: पाणी हवं का, पंखा लावू का, उशी देऊ का. 'आलात पुन्हा?' हेच असणार. किंवा 'जा ना बापा, जरा बाहेर.' मीठ नाही म्हणाली असती तर त्यांनी हसून घातलं असतं. हे कसं हसण्यावारी न्यायचं?

"हे सगळे नकार डबीत भरता येतील?" त्यांनी विचारलं.

"येतील. थोड्या वेळात होईल."

"भरून टाक."

"सर—"

"भरून टाक, मंजिरी. चाललं होतं ना सगळं नीट? मला तिचं 'अहो' पुरे आहे."

ढोबळेंनी संगणक मिटला. "नकार काकूंचे आहेत. त्यांनी सांगितलं तर भरीन. आणि ते त्यांनी या नकारांशिवाय सांगितलं पाहिजे. तुम्हालाही पटलं होतं ना, गंगाळ ठेवायचं का ते गंगाळाला विचारून काय उपयोग?"

डांगऱ्यांनी आणखी एक सांधा पुसला, जो आधीच कोरडा होता. टॉवेल उचलून ओसरीत वाळत घातले. डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबलं. मग मात्र निमित्त उरलं नाही आणि ते आतल्या खोलीच्या दाराशी आले. गॅसचा भरलेला सिलिंडर उचलताना घ्यावा तसा त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि दार ढकललं.

दार नेहमीसारखं वाजलं. ज्योत्स्नाबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, गळपट्टा किंचित हलला, आणि त्यांचा अंगठा तर्जनीकडे निघाला. कानात काय आलं ते त्यांनी ऐकलं असावं. अंगठा अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो मुद्दाम मुठीबाहेर काढून मांडीवर ठेवला.

"दिवाकर," डबी म्हणाली.

डांगऱ्यांनी मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. या नावाने हाक मारणारं माणूस घरात यायचं थांबल्याला किती वर्षं झाली होती! मग त्यांना उमगलं की हाक समोरून आली होती, आणि ती ज्योत्स्नाच्या आवाजात होती. हे नाव त्यांनी तिच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं, लग्नात, उखाण्यात, सगळ्यांनी अडवून धरल्यावर. पुढे सासूबाईंच्या धाकाने 'अहो' झालं, सासूबाई गेल्या तरी 'अहो' राहिलं, आणि ते कधी कुणाला खटकलं नाही.

आता वाचा बसायची पाळी डांगऱ्यांची होती. ते पलंगाच्या कडेवर टेकले. ज्योत्स्नाबाईंचे कान लाल झाले होते आणि त्या हसत होत्या, ते त्यांचं स्वतःचं, यंत्राशिवायचं हसू.

"कधीपासून?" डांगऱ्यांनी कसंबसं विचारलं.

"पहिल्यापासून," डबी म्हणाली. "तुम्ही आलात की मनात तेच येतं आधी. मग मी अहो म्हणते."

"मला वाटलं, तुला माझा कंटाळा..."

"तोही येतो. उशीचं सारखं विचारत नका जाऊ."

डांगरे डोळे पुसत हसले. मग काहीतरी आठवल्यासारखं करून उठले. "पाण्याच्या डब्याचं झाकण लावलं का बघून येतो," ते म्हणाले आणि बाहेर गेले. ढोबळेंना काही सांगायलाही ते थांबले नाहीत. डब्याला हात लावून ते परत फिरले आणि त्यांनी दार ढकललं.

"दिवाकर."

त्यांच्या मागोमाग ढोबळेही दारापर्यंत आल्या. त्यांनी डांगऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांना न विचारता कळलं. तरी काम ते काम. "काकू, ते नकार डबीत भरायचे का?"

ज्योत्स्नाबाईंनी थोडा विचार केला. अंगठा जागचा हलला नाही.

"वन्संच्या फोनचा तेवढा भर," डबी म्हणाली. "बाकीचे राहू दे. आणि पोहे केलेत ना? आणा इकडे. येताना मीठ आणा."

डांगरे लगबगीने स्वयंपाकघरात गेले आणि पोहे-मीठ घेऊन आले. दार वाजलं, हाक आली, त्यांनी ताटली आणि मिठाची बरणी खिडकीपाशी ठेवली. मग खिशात हात घालून ते जरा वेळ उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले, "मीठ आणतो," आणि पुन्हा बाहेर गेले.